पांढऱ्याचं वजन

मी दात बनवते. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून मी कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवते, घासते, चकचकीत करते. दिवसभर परक्या जबड्यांत नाक खुपसून बसणाऱ्या बाईला कशाची किळस येणार, असं आमच्या वहिनीला वाटतं. तिचं चुकतंय. साच्याला लागलेली थुंकी मी नळाखाली धरते आणि विसरून जाते. पण धावपट्टीजवळच्या आमच्या शेडमध्ये उभं असलेलं ते गोरंगोमटं विमान आठवलं, की मला अजून मळमळतं.

विमान दादाचं आणि माझं. अकरा वर्षं आम्ही दोघं भावंडं ते बांधत होतो. विमान म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. फोमचे ठोकळे कापायचे, त्यावर फायबरचं कापड घालायचं, ते राळेत भिजवायचं, सुकलं की पुढचं. आत दोन सीटा, शेजारी शेजारी. डावी दादाची, उजवी माझी, हे पहिला ठोकळा कापायच्या आधी ठरलेलं. विमान चालवायचा परवाना आम्ही दोघांनी एकाच वर्षी काढला. चाचणीची उड्डाणं एकट्याने करायची असतात, ती दादा करणार, आणि ती झाली की मी शेजारी बसणार. मी उजव्या सीटची गादीसुद्धा माझ्या पाठीच्या मापाने शिवून घेतली होती. दादा पाण्याच्या खात्यात इंजिनियर आहे. रजा, रविवार, सणवार, सगळं त्याने त्या शेडमध्ये घातलं. मीही घातलं. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं, तर दादा माझ्या वतीने सांगायचा, "तिला वेळ कुठे होता? ती घासत होती."

ते खरंच होतं. फायबरचं अंग सुकल्यावर खरखरीत राहतं. त्यावर पुट्टी लावायची, घासायची, हात फिरवायचा, खळगा लागला की पुन्हा पुट्टी. टाचणीच्या टोकाएवढी भोकं तर हजारोंनी. ती भरायला माझ्यासारखी चिकट बाईच लागते. मास्क लावूनही नाकातून पांढरा शेंबूड यायचा. फायबरची कुसळं मनगटात घुसायची आणि अंघोळीच्या गरम पाण्याने जास्तच चावायची. घामावर ती धूळ बसली की गळ्याभोवती लगदा व्हायचा. एकदा मी डबा उघडला, पोळीचा घास घेतला आणि दाताखाली पुट्टी करकरली. तो घास मी गिळला, कारण थुंकायला उठायचं म्हणजे हातातली कालवलेली राळ घट्ट होऊन वाया गेली असती. हे सगळं मी आनंदाने केलं. मला वर जायचं होतं.

मग रंगाचा प्रश्न आला आणि घरातले सगळे एकदम रसिक झाले.

वहिनीला वाइन कलर हवा होता. तिने मोबाइलवर पडद्यांचे फोटो दाखवले. दादाला गडद निळा हवा होता आणि त्यावर सोनेरी पट्टा. मी म्हटलं, आपण मागवलेल्या विमानाच्या नकाशात स्वच्छ लिहिलंय, पांढरा. दुसरा रंग नाही. गडद रंग ऊन पितो, अंग तापतं, आणि आपली राळ तापली की मऊ पडते. दादा हसला. "अगं चिमे, ते नकाशावाले जपून लिहितात. रस्त्यावर काळ्या गाड्या नाहीत का?"

"गाड्या पत्र्याच्या असतात, दादा."

"तू दाताचं बघ. इंजिनियर कोण आहे?"

माझं डोकं फिरलं, पण मी वाद घातला नाही. कापून उरलेले पंखाचे दोन तुकडे घेतले. एक निळा रंगवला, एक पांढरा. भर दुपारी शेडबाहेर दोन विटांवर आडवे ठेवले आणि दोघांच्या पोटावर एकेक वीट ठेवली. आम्ही जेवून आलो. पांढरा जसाच्या तसा. निळ्याला इतका झोळ आला होता, की वीट घसरून एका टोकाला आली होती. दादाने तुकड्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. वहिनी म्हणाली, "अय्या, हे तर बाबांच्या आरामखुर्चीसारखं झालं." मला वाटलं, चला, विषय मिटला.

पण पांढरा म्हणजे तरी कुठला? रंगाच्या दुकानातल्या माणसाने विचारलं आणि दादा माझ्याकडे बघायला लागला. इथे मात्र माझं राज्य. माझ्या पर्समध्ये दातांच्या छटांची पट्टी असतेच, सोळा पांढरे एका रांगेत. माणसं सांगतात की दात पांढराशुभ्र करा, आणि केला की तोंडात बाथरूमची फरशी बसवल्यासारखं दिसतं. मी किंचित उबदार, दुधाच्या जवळचा पांढरा निवडला. दादाला तो पिवळट वाटला. वहिनीला तो दादाच्या दातांसारखा वाटला, आणि तसा तो होताही. पण दुकानदाराने माझी बाजू घेतली आणि डबा गाडीत पडला.

रंग मीच मारला. स्प्रे गन धरायला हात लागतो. हात थांबला की ओघळ येतो, आणि घाई केली की रंग संत्र्याच्या सालीसारखा बसतो. शेडच्या जमिनीवर पाणी मारलं, धूळ बसवली, पत्र्याच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. आधी उन्हापासून राळ वाचवणारं अस्तर, मग पांढऱ्याचे दोन हात, तेही पातळ. एक माशी डाव्या पंखावर बसली आणि तिथेच तिचं भलं झालं. सुकल्यावर ती नखाने काढली, एवढीशी जागा पुन्हा मारली. थिनरच्या वासाने रात्री जेवण गेलं नाही. पण काम बरं झालं होतं. जवळून पाहिलं तर कुठे कुठे पंखाच्या अंगावर लाट दिसायची, शेपटीला कापडाची वीण जाणवायची. हवेला त्याने काही फरक पडत नव्हता आणि मलाही नव्हता.

फरक पडला तो हाडांच्या डॉक्टरांना. हे गृहस्थ शेजारच्या शेडमध्ये स्वतःचं विमान ठेवतात. विमान विकत घेतलेलं आहे आणि त्यात बघून भांग पाडावा इतकं चमकतं. आठवड्यातून एकदा डॉक्टर ते धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरूनच चालवत नेतात आणि परत आणून पुसतात. ते आत आले, मागे हात बांधून फेरी मारली. शेपटीपाशी वाकले, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं. ते सरळ दिसायला हवं होतं, थोडं नागमोडी दिसलं. डॉक्टर म्हणाले, "छान. घरगुती आहे हे कळतं."

एवढंच. बाकी काही नाही. दादाचा चेहरा असा उतरला, की जणू पोरगं नापास झालं.

दुसऱ्या दिवसापासून दादाने अर्धी रजा टाकायला सुरुवात केली. मी कामावर असायची, तो शेडमध्ये. रविवारी गेले तर शेपटी राखाडी. पुन्हा पुट्टी चढली होती. "जरा लाट काढतोय," तो म्हणाला. पुढच्या रविवारी शेपटीवर नवा पांढरा आणि पंखांवर पुट्टी. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यावर पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर पारदर्शक चकाकीचे हात. डॉक्टर स्टुलावर बसून सूचना देत होते. दोघांच्याही अंगाला एकच वास येत होता, थिनरचा आणि गोड पॉलिशचा.

"दादा, वजन होतंय हे," मी म्हटलं.

"रंगाला कसलं वजन?"

"डबा उचलताना तुला कळत नाही का? आणि शेपटीवर सगळ्यात जास्त चढवतोयस. मागचा भाग जड होईल. आपण वजन करायला हवं."

"करू ना. आधी तयार तर होऊ दे. मेकअप अर्धवट असताना कुणी नवरीला काट्यावर बसवतं का?"

डॉक्टर खो खो हसले. मला तिथल्या तिथे ओकारी आली असती तर बरं झालं असतं, निदान त्या पंखावर काहीतरी खरं पडलं असतं.

हळूहळू ती शेड माझी राहिली नाही. दारात पायपुसणं आलं. अंगठी काढून आत यायचं, असं ठरलं. वहिनीने एकदा डबा पंखावर टेकवला, तर दादा केवढ्याने ओरडला तिच्यावर. तिचा हात अर्धा मिनिट हवेतच राहिला. तिच्या घरातल्या मऊ साड्या एकेक करून फडकी झाल्या. दादा बोलताना माझ्याकडे बघायचा नाही, माझ्या खांद्यावरून पंखाकडे बघायचा आणि बोलता बोलता उठून कुठलातरी न दिसणारा डाग पुसून यायचा. आधी जीभ अंगठ्याला लावायचा, मग अंगठा विमानाला. पन्नाशीतला माणूस. मी दिवसाला वीस साच्यांवरची लाळ धुते, पण त्या ओल्या अंगठ्याकडे मला बघवायचं नाही. तरी म्हटलं, होऊ दे हौस. चमकेल तर चमकू दे, शेवटी त्यात बसून जायचं तर मलाच आहे.

तपासनीस येऊन उड्डाणाच्या परवानगीचे कागद देऊन गेले आणि पहिल्या उड्डाणाचा रविवार ठरला. आदल्या दिवशी मी दुपारी शेडमध्ये गेले. दादा चकाकीवर शेवटचं फडकं फिरवत होता. वहिनी दारात खुर्ची टाकून भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, "ताई, व्हिडिओ तूच काढ हं. उद्याचाही आणि पुढचेही. ह्यांनी सांगितलंय, खालून कुणीतरी हातखंडा असलेलं हवं."

"उद्याचा काढते की. पुढचे कसे काढणार? मी आत असेन ना."

वहिनीचा हात थांबला. तिने दादाकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगितलं नाही हिला?"

दादा फडकं घडी करायला लागला. चार पदरी केलं, उलगडलं, पुन्हा केलं.

मी सरळ विमानाच्या नाकापाशी गेले आणि इंजिनावरचं झाकण उघडलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्याचे डोळे तिकडे गेले होते एवढं खरं. आत पुढच्या भिंतीला बोल्टने आवळलेल्या शिशाच्या विटा होत्या. तीन. नव्याकोऱ्या, आणि देवाशपथ सांगते, त्यासुद्धा पांढऱ्या रंगवलेल्या.

"वजन केलंस," मी म्हटलं.

"डॉक्टरांचे काटे होते. चाकांखाली ठेवायचे. तपासनिसांना आकडे द्यावेच लागतात..."

"माझ्यामागे केलंस."

"तू कामावर होतीस, चिमे."

मग एकेक करून बाहेर पडलं. शेपटी पुट्टीने आणि रंगाने इतकी जड झाली होती, की विमान मागे झुकत होतं. ते सावरायला नाकात शिसं. म्हणजे रंगाचं वजन एकदा आणि त्या रंगाची भरपाई म्हणून शिशाचं वजन पुन्हा एकदा. नकाशाप्रमाणे, टाकी भरल्यावर वजनाच्या मर्यादेत माणसांसाठी एकशे पंचावन्न किलो उरायला हवे होते. उरले होते एकशे बारा. त्यातले शहाण्णव दादाचे. माझ्या जागेवर एखादं कुत्रं बसू शकलं असतं, तेही बेताचं.

"टाकी अर्धी ठेवून?" मी विचारलं.

"तरी सतराएक किलोंनी घोडं अडतं." इथे दादाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, शेपटीकडे बघायचा तसंच. "तू मनावर घेतलंस तर... सकाळी चालायला वगैरे जा. गोड बंद कर. वर्षभरात जमेल बघ तुला."

मी अठ्ठावन्न किलोची आहे. समोर त्याचं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर डोकावत होतं, त्यावर पॉलिशचा पांढरा डाग. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं नाही. उलट सगळं थंड पडलं आणि फक्त शिसारी उरली, लहानपणी पाल अंगावर पडल्यावर यायची तशी. अकरा वर्षांची धूळ मी गिळली होती. ह्या माणसाने माझ्या सीटची पुट्टी केली, राळेत कालवली आणि शेपटीला फासली. वर मलाच सांगतोय, गोड बंद कर.

"घासून काढ," मी म्हटलं. "शेपटीपासून. मी मदत करते. दोन महिने लागतील."

"वेडी आहेस का? आता? असं झालेलं असताना?" त्याने दोन्ही हात शेपटीपुढे पसरले, जणू मी हातोडा घेऊन आले होते. "चिमे, तू एकदा नीट बघ तरी त्याच्याकडे. डॉक्टरांनी परवा स्वतःहून म्हटलं, कारखान्यातलं वाटतं."

डॉक्टरांचे काटे अजून भिंतीशी पडले होते. मी त्यातला एक पायाने ओढला आणि वर उभी राहिले. "अठ्ठावन्न. वहिनी, इकडे ये."

"मी कशाला?"

"ये तर."

वहिनी पदराला हात पुसत आली. चपला काढून काट्यावर चढली आणि सवयीप्रमाणे दादाकडे बघून मान खाली घातली. एक्कावन्न.

"एकशे नऊ," मी म्हटलं. "टाकी भरलेली. वर तीन किलो शिल्लक, वहिनीची पर्स आणि पाण्याची बाटली. दादा, विमानात माझी जागा आहे. वहिनीची आहे. जागा नाहीये ती तुझी."

मी पुढे म्हटलं, "परवाना माझ्याकडेही आहे. चाचण्या मी करते. त्या झाल्या की वहिनीला घेऊन जाते. नाहीतर उचल पॉलिश पेपर आणि लाग कामाला. तू ठरव."

मला खात्री होती, तो चिडेल. मला तो चिडायला हवा होता. अकरा वर्षं ज्याच्यासाठी घातली ते हातचं जातंय म्हटल्यावर माणूस आरडाओरडा करतो, निदान बहिणीला दोन शब्द सुनावतो, आणि मग नाक मुरडत का होईना, घासायला बसतो. वहिनी मात्र हळूच म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नाही, बसतेस का म्हणून." आणि ती पंखाला टेकून आत डोकावली, उजव्या सीटकडे.

दादा तिच्याकडे गेला. मला वाटलं, तिला काहीतरी बोलणार. त्याने तिला खांद्याला धरून अलगद बाजूला केलं. पंखावर तिच्या पाच बोटांचे ठसे उमटले होते. तो वाकला, त्यावर तोंडाने वाफ सोडली आणि फडक्याने पुसलं, गोल गोल, ठसे जाईपर्यंत. मग एका डोळ्याने तिरकं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्यासारखा दिसत होता तो.

"जा ना मग तुम्ही दोघी," तो म्हणाला. "खरंच जा. मी आहे इथे."

"दादा, तुला वर जायचंच नाहीये?"

त्याला प्रश्न ऐकूच गेला नसावा. तो पंखाच्या मुळापाशी, सीटच्या अगदी खाली, आणखी एक डाग शोधत होता.

"फक्त एक करा," तो म्हणाला. "चढताना पंखावर पाय देऊ नका."

पंखावर पाय दिल्याशिवाय त्या विमानात चढता येत नाही.